एकही गोल न झाल्याबद्दलची लदीन

मी चांगला गोलकीपर आहे. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला जागा मिळेल असं वाटत नाही.

आमच्या गावात भातकापणी झाली की शेतात पोफळीचे खांब रोवतात. झाला गोल तयार. पाऊस येईपर्यंत ते शेत क्लबचं. क्लब म्हणजे पुरुष. बायकांनी चॅपेलच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, डुकराच्या मांसाचं सोरपोतेल रांधायचं, आणि मॅच हरून घरी आलेल्या नवऱ्याला काही विचारायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. (रीतीचा दुसरा भाग माझ्या बायकोला, इदालिनाला, मान्य नाही.) मी पंचायतीत क्लार्क आणि क्लबच्या व्हेटरन संघात गोलकीपर. व्हेटरन म्हणजे ज्यांचं पळणं संपलंय, पण तसं तोंडावर सांगायला कोणी धजत नाही असे लोक.

माझी मुलगी लिझेट अकरावीत आहे. अख्खा पावसाळा ती घराच्या मागच्या भिंतीवर बॉल मारत होती. भिंतीचा गिलावा गेला, इदालिनाचा आवाज गेला, पण लिझेट थांबली नाही. इदालिनाचं म्हणणं, मुलीचे गुडघे सोलवटलेत, उद्या कुणाच्या लग्नात फ्रॉक कशी घालणार. लिझेटचं म्हणणं, लांब फ्रॉक घालीन.

तर जानेवारीत एका संध्याकाळी लिझेट आपल्या मैत्रिणींना घेऊन थेट बोनाव्हेंतूरच्या बारमध्ये आली. बोनाव्हेंतूर, आम्ही त्याला व्हेंतूर म्हणतो, आमच्या क्लबचा प्रेसिडेंट, व्हेटरन संघाचा कॅप्टन आणि बारचा मालक, त्यामुळे क्लबच्या सगळ्या मीटिंगा तिथेच होतात. मी कोपऱ्यात ग्लास घेऊन बसलो होतो.

"अंकल, सोमवारी आणि गुरुवारी आम्हाला शेत पाहिजे," लिझेट म्हणाली.

"कशाला गं? मिरच्या वाळवायला?"

सगळा बार हसला. (मीही हसलो. नंतर कळलं की नको होतं हसायला.)

"फुटबॉलच्या ट्रेनिंगला."

"हे बघ बाय, फुटबॉल मुलींचं काम नाही. फेस्त जवळ आलंय, सोरपोतेल ढवळायला शिका."

"तुम्ही शिका की. पोट तुमचं मोठं आहे."

आता बार दुसऱ्या बाजूने हसला, आणि तो जरा जास्त वेळ हसत राहिला. व्हेंतूरचे कान लाल झाले. तो म्हणाला, "ठीक आहे. येत्या रविवारी आमच्या व्हेटरनशी खेळा. जिंकलात तर सोमवार-गुरुवार शेत तुमचं. हरलात तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल."

मग व्हेंतूर माझ्याकडे वळला. "सिप्रू, तुझं काय? पोरगी समोर आली की बाजूला सरकशील ना?"

त्या वेळी ग्लास संपवायचा आणि घरी जायचं, एवढंच काम होतं. पण सगळे बघत होते. मी म्हणालो, "मी गोलात उभा असलो की आत फक्त वारा जातो."

घरी आल्यावर लिझेट म्हणाली, "पापा, मुद्दाम एक जरी गोल सोडलास तरी मी तुझ्याशी बोलणार नाही."

"आणि मुद्दाम न सोडता गेला तर?"

"तर तो माझा."

माझा हिशेब साधा होता. आमच्या व्हेटरनना गोल मारता येत नाही हे जगजाहीर आहे. मी गोल होऊ देणार नव्हतो. म्हणजे मॅच बरोबरीत. मग मी मोठ्या मनाने व्हेंतूरला सांगणार, अरे पोरी हरल्या नाहीत, दे त्यांना शेत. माझी अब्रूही राहील आणि पोरीला शेतही मिळेल. अशी डोकी पंचायतीत वाया जातात.

आमच्याकडे मोठं काम असलं की क्रुसाला नवस बोलतात, आणि काम झालं की क्रुसापुढे लदीन करतात. लदीन म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना, तिला साथ व्हायोलिनची. नंतर उकडलेले चणे आणि फेणी. (भाविकांची गर्दी साधारण या नंतरच्या वेळेला वाढते.) मी वाटेवरच्या क्रुसाला मेणबत्ती लावून नवस बोललो, की माझ्यावर एकही गोल झाला नाही तर लदीन करीन. अडचण एकच होती. हे लग्नांचे दिवस, आणि गावात व्हायोलिन वाजवणारे एकटे लाझार मास्तर. आयत्या वेळी ते मिळणं शक्य नाही. म्हणून मी त्यांना आधीच जाऊन सांगून आलो. रविवारी संध्याकाळी, मॅच संपली की लगेच.

"कशाबद्दल लदीन?" मास्तरांनी विचारलं. सुरू करण्याआधी कारण जाहीर करावं लागतं.

"सिप्रियानोने एकही गोल होऊ दिला नाही त्याबद्दल."

"कधी?"

"रविवारी."

मास्तरांनी चष्म्यातून माझ्याकडे जरा वेळ बघितलं, आणि येतो म्हणाले.

शनिवारी मी इदालिनाला चणे भिजत घालायला सांगितले. ती म्हणाली, "अरे, मॅच व्हायच्या आधीच उपकार मानतोस? आणि गोल झाला तर?"

"होणार नाही."

"चणे मी भिजवते. क्रुसापुढे तोंड तुझं तू दाखव."

रविवारी सगळा गाव बांधावर जमला. आमच्या संघाने दुपारी भरपूर शीत-कढी खाल्ली होती आणि झोप अर्धवट टाकून आले होते, त्यामुळे बचावफळीचे डोळे मिटत होते. समोर मुली. कुणाच्या पायात भावाचे बूट, कुणाच्या पायात काहीच नाही.

पहिला गोल माझ्या दोन पायांमधून गेला. उन्हामुळे असं होतं. दुसऱ्या वेळी मी अतिशय सुंदर झेप घेतली, ती पाहून लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, फक्त बॉल दुसऱ्या बाजूने होता. तिसरा बॉल मी पकडला. हे मी मुद्दाम नमूद करतो, पकडला. मग आमच्या माणसाकडे फेकला, तो झोपेत होता, म्हणून बॉल लिझेटच्या मैत्रिणीने, फ्लोरीने घेतला आणि परत माझ्याकडे पाठवला, गोलात. मध्ये कधीतरी व्हेंतूरनेही एक मारला, कारण मुलींची गोलकीपर बुटाची नाडी बांधत होती.

चौथा लिझेटचा. तिने तो लांबून मारला, डाव्या पायाने. बॉल माझ्या डोक्यावरून, खांबाच्या अगदी आतून गेला. मी हात वर केले होते. खरं सांगतो, बोटांना वारा लागला फक्त. आणि क्षणभर मी गोलकीपर आहे हेच विसरलो. मी म्हणालो, "वा!" (हे शेजारच्या खांबाने ऐकलं असेल, दुसऱ्या कुणी नाही.)

चार-एक. मुली एकमेकींच्या अंगावर पडून ओरडत होत्या. व्हेंतूर घाम पुसत माझ्याकडे आला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाप असावा तर असा. पोरीसाठी चार गोल सोडले. मोठं मन लागतं त्याला."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? चार गोल झालेला गोलकीपर आणि मोठ्या मनाचा बाप, यांतलं एक निवडायचं होतं. मी मान खाली घालून हसलो. अगदी थोडंसं.

तेवढं पुरलं. व्हेंतूर म्हणाला, "बघा, कबूल केलं. म्हणजे ही मॅच काही खरी नाही. झाली ती झाली. शेत क्लबकडेच राहील."

मुलींचा आवाज बंद झाला. लिझेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"पापा, सोडलास तू?"

"नाही गं."

"मग हसलास का?"

तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "सगळा पावसाळा मी तो शॉट मारत होते. आता हे म्हणणार, बापाने दिला." मला एकदम फार लाज वाटली. चार गोलांची नव्हे, त्या हसण्याची.

मी व्हेंतूरला म्हणालो, "हे बघ, मी एकही सोडला नाही. मला अडवताच आले नाहीत."

"असू दे रे सिप्रू. लाजू नकोस."

"अरे, मी मनापासून प्रयत्न केला."

"हो, हो. ती झेप बघितली आम्ही. इतकी चुकीच्या बाजूला झेप माणूस मुद्दाम घेतल्याशिवाय घेईल का?"

बांधावरचे लोक माना डोलवायला लागले. मी शपथ घेतली. ते म्हणाले, बापाची माया. मी वाईट गोलकीपर आहे हे मला आयुष्यात पहिल्यांदाच सिद्ध करायचं होतं, आणि कोणी ऐकून घेत नव्हतं.

इतक्यात बांधावरून लाझार मास्तर आले. काळा कोट, काखेत व्हायोलिनची पेटी. गर्दी बघून त्यांना वाटलं लोक लदीनसाठीच जमलेत.

"क्रूस सोडून इथे कुठे?" त्यांनी विचारलं. "मला उशीर झाला का?"

"कसली लदीन मास्तर?" व्हेंतूर म्हणाला.

मास्तरांनी खिशातला चष्मा लावला, घसा साफ केला आणि चॅपेलमध्ये बोलतात त्या आवाजात जाहीर केलं, "सिप्रियानोने एकही गोल होऊ दिला नाही, त्याबद्दल उपकारस्मरणाची लदीन."

बांधाच्या त्या टोकाला एक बाई हसली, आणि ते हसणं शेतभर पसरत इकडे आलं. इदालिना पुढे आली. "चणे काल रात्री भिजवले," ती व्हेंतूरला म्हणाली. "फेणी तुझ्याच बारमधून आणली. ज्याला गोल सोडायचे असतात तो आधी नवस बोलून चणे भिजवून ठेवतो का? माझा नवरा खोटारडा नाही. तो खरोखरच इतका वाईट आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती माझ्या बाजूने अशी चारचौघांत कधी भांडलेली मला आठवत नाही.

फेणीचा विषय निघाल्यावर व्हेंतूरला आठवलं असणार, बाटली घेताना मी एकही गोल होऊ देणार नाही म्हणून केवढी बढाई मारली होती ते. शेवटी तो लिझेटला म्हणाला, "सोमवार-गुरुवार." आणि थोडं थांबून, "तो शेवटचा चांगला होता."

"माहीत आहे," लिझेट म्हणाली.

चणे वाया घालवणं बरं नव्हे, म्हणून लदीन झालीच. इदालिनाने मास्तरांना कारण बदलायला सांगितलं. "मुली जिंकल्या त्याबद्दल," असं त्यांनी जाहीर केलं, आणि गाताना व्हेंतूरने मोठ्याने साथीचा दुसरा सूर धरला. लिझेटच्या गुडघ्याला औषध लावताना इदालिना तिला सांगत होती, डाव्या पायाने मारतेस ते ठीक, पण उजवाही वापर.

पुढच्या आठवड्यात लिझेट माझ्याकडे आली. "पापा, आमच्या ट्रेनिंगला तू गोलात उभा राहशील? सगळ्यांनी तुझंच नाव घेतलं."

मला भरून आलं. म्हटलं, शेवटी खेळाडूची किंमत खेळाडूलाच. "इतका चांगला वाटलो मी?"

"नाही रे. खूप नव्या मुली आल्यात. त्यांनी कधी बॉलला पाय लावलेला नाही. पहिल्याच दिवशी गोल झाला की त्या पुन्हा येतात."

तेव्हापासून मी जातो. मुली वाढतच आहेत. फक्त गेल्या गुरुवारी चुकून एका नव्या मुलीचा बॉल माझ्या पोटावर आपटून बाहेर गेला. संध्याकाळी त्या मुलीची आई जाब विचारायला घरी आली. इदालिनाने तिला आत बसवलं, चहा दिला आणि माझ्या वतीने माफी मागितली.