तीन खोल्यांतील एका हशाची बखर

श्रोते सुज्ञ, चित्त देऊन ऐकावे. तीन खोल्यांत एकच आवाज एके समयी उठवावा म्हणून घड्याळजीरावांनी जी थोर मोहीम मांडिली, तीत घरचे लोक कैसे झुंजले, हातातोंडाशी आलेले यश कैसे निसटत होते आणि अखेर कोणाचे अकलेने फत्ते जाहली, हे जैसे घडले तैसे लिहिले असे. पदरचे तिखटमीठ घातले नाही. चिमूटभर पडले असल्यास माफी असावी.

घड्याळजीराव हे घड्याळदुरुस्तीचे दुकानाचे धनी, बहुत मानी आणि त्याहून हट्टी. त्यांचे दुकानी भिंतीवरचे हरएक घड्याळ आपला निराळाच समय दाखवी, आणि गिऱ्हाइकाने सवाल केला तर जबाब मिळे की ही सारी दुरुस्तीस आलेली आहेत. ऐशा पुरुषाची मातोश्री न्हाणीघरात पाय घसरून पडली, मांडीपावेतो प्लास्टर चढले आणि ती आतल्या खोलीत जायबंदी जाहली. घरचा रिवाज ऐसा जे, सायंकाळी सर्वांनी दिवाणखान्यात जमून रेडिओवरील विनोदी श्रुतिका ऐकावी आणि पोट धरधरून हसावे. त्यात मातोश्रींचा हशा ऐसा बुलंद की तो उठताच खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकू लागे. आता त्यांचे येणे खुंटले, सबब रावांनी दोन नवे साउंडबार खरेदी केले, एक जुना माळ्यावरून उतरवला, आणि दिवाणखाना, स्वयंपाकघर व मातोश्रींची खोली ऐशी तीन ठाणी बसवून मिशांवर ताव दिला.

परंतु घात जाहला. जुना साउंडबार आतल्या ठाण्यावर होता, तो इतरांचे मागाहून बोले. दिवाणखान्यात हशा पिके, मग विनोद रमतगमत मातोश्रींपाशी पोचे, आणि त्या एकट्याच हसत. पुढे पुढे तर त्या हसेनाशाच जाहल्या. सूनबाईंनी, म्हणजे रावांच्या बाईसाहेबांनी, कारण पुसले, तेव्हा उत्तर आले, "तुमचं हसून झालेलं असतं गं. मग मी एकटीनं भिंतीकडे बघून काय हसायचं?" हे रावांचे कानी पडले. त्यांनी तिथल्या तिथे विडा उचलला की आज आई हसेल ती सर्वांबरोबर हसेल, नाही तर तिन्ही साउंडबार माळ्यावर जातील.

मग मसलत जाहली. मोबाइलच्या अ‍ॅपात हरएक साउंडबारास थोपवून धरणारी एक पट्टी असे, ती एक घर मागे घेतली म्हणजे आवाज अंमळ उशिरा निघे. दिवाणखान्याची पट्टी कन्येकडे, स्वयंपाकघराची बाईसाहेबांकडे आणि आतल्या ठाण्याची खुद्द मातोश्रींकडे सोपवली गेली. राव स्वतः मधल्या बोळकंडीत, जेथे तिन्ही आवाज कानी पडत, तेथे स्टुलावर चढून सेनापतीसारखे उभे ठाकले. श्रुतिका सुरू जाहली. आवाज पुढेमागे ऐकताच रावांनी गर्जना केली, "एक घर मागे घ्या!" फौज निमकहलाल. कन्येने एक घर मागे घेतले, बाईसाहेबांनी दूध तापत ठेवून एक घर मागे घेतले, आणि मातोश्रींनीही चष्मा शोधून इमानाने एक घर मागे घेतले. तिन्ही फौजा बरोबरीने हटल्या, सबब अंतर होते तेवढेच राहिले.

रावांनी पुनश्च हुकूम सोडला आणि मग पुनश्च सोडला, आणि दर हुकुमास तिघी तितक्याच निष्ठेने मागे हटल्या. इतक्यात दूध उतू गेले. बाईसाहेबांनी फर्मान काढले की ज्यांच्या हुकुमाने हे जाहले त्यांनीच ओटा पुसावा. कन्या ओरडली, "बाबा, तुमचं नक्की चाललंय तरी काय?" राव घामाघूम. तिकडे श्रुतिकेतील मामा चुकून भलत्याच लग्नात शिरून आहेर देऊन बसले होते आणि आता ते त्यांस उमगणार, म्हणजे मोठा हशा अगदी दाराशी आलेला.

रावांनी पुन्हा तोंड उघडले, तो आतल्या ठाण्यातून बंड उठले. "मी आता काही हलवायची नाही! अरे, सगळेच मागे सरलो तर मी मागेच राहणार ना? मी आपली पट्टी होती तिथे आणून ठेवली बघ. पुढे तुम्ही गेलाय, तुम्ही थांबा माझ्यासाठी!"

रावांनी स्टुलावरूनच कान टवकारले. आईच्या एका बंडाने अंतर जवळपास मिटले होते. उरलेसुरले कन्येने आणि बाईसाहेबांनी चुटकीसरशी जुळवले, आणि तिन्ही खोल्यांतून मामा एका तोंडाने बोलू लागले. आई हसते की नाही, हे डोळ्यांनी पाहावे म्हणून राव धावले, मागोमाग कन्या धावली, आणि फडके हाती घेऊन बाईसाहेबही धावल्या. सर्व पलंगावर दाटीवाटीने बसतात न बसतात तो मामांस नवरीचे नाव उमगले आणि ऐसा हशा उठला की खालचा कुत्रा बहुत दिवसांनी भुंकला. मातोश्रींच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि रावांच्याही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात त्या समयी चिटपाखरू नव्हते, तरी तेथील साउंडबार तसूभरही न चुकता वाजत होते, ही गोष्ट दप्तरी नमूद असावी. राव त्याची शहानिशा करावयास उठू लागले, तेव्हा मातोश्रींनी त्यांची बाही धरली.

"बस रे गप. तिकडे आहे कोण ऐकायला?"

राव बसले. ओटा त्यांनी श्रुतिका संपल्यावर पुसला.