नाव नसल्याची खात्री

चार दिवस झाले तरी वही कोरीच होती. शिपाईकाकांनी तिच्यावरची धूळ फुंकली, पेन सरळ ठेवलं आणि ते स्टुलावर बसून रस्त्याकडे बघू लागले. येणारी-जाणारी माणसं इमारत जवळ आली की रस्ता ओलांडून पलीकडची बाजू धरत होती.

वास्तविक इमारत आता बघण्यासारखी झाली होती. दगड घासून उजळले होते, जिन्याचं लाकूड आरशासारखं चमकत होतं. पूर्वी इथे घराजमिनींच्या नोंदणीची कचेरी होती आणि काकांनी तिच्या दारात एकतीस वर्षं काढली होती. कचेरी दुसरीकडे गेली, काका निवृत्त झाले, इमारतीची तीन वर्षं डागडुजी चालली. आता तिथे सगळ्यांसाठी वाचनालय झालं होतं. वर्तमानपत्रं, पुस्तकं, थंड पाणी आणि डोक्यावर सहा पंखे. काकांना घरून बोलावून पुन्हा त्याच स्टुलावर बसवलं होतं.

बसवताना वाचनालय समितीच्या बाई म्हणाल्या होत्या, "काका, येणाऱ्या प्रत्येकाची या वहीत सही घ्यायची. नाव, पत्ता, येण्याचं कारण आणि सही. महिन्यात तीनशे सह्या झाल्या तर वाचनालय राहील. नाहीतर इमारत जुन्या फायलींच्या गोदामाला जाईल."

"आणि मी?"

"गोदामाला शिपाई लागत नाही काका, कुलूप लागतं."

पाचव्या दिवशी समोरचा न्हावी आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि पंख्यांची हवा दारापर्यंत येत होती. एक पाय आत टाकला आणि त्याला वही दिसली. पाय तिथेच थांबला.

"हे काय?"

"काही नाही. सही करायची आणि आत बसायचं."

"काका, वाचायला डोळे लागतात. सही कशाला लागते?"

"अरे, नियम आहे. घाबरू नकोस, काही होणार नाही."

"माझ्या बापालाही याच दारात असंच म्हणाले होते. काही होणार नाही, इथे सही करा. बाप बाहेर आला, घर आतच राहिलं." न्हाव्याने पाय काढून घेतला.

न्हाव्याच्या कानावर गेलेली गोष्ट दाढी संपेपर्यंत गावभर होते. संध्याकाळपर्यंत लोकांचं ठरलं की हे सह्या गोळा करायचं काम आहे. "फुकट पाणी? फुकट हवा? एक नाही, सहा पंखे? जाळ्यात दाणे टाकल्याशिवाय पाखरू बसतं का?" कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो म्हातारा अर्जनवीस तर म्हणाला, "कारणाचा रकाना आहे ना? मग पुढे खटला आहे."

काकांनी बाईंना विनवून पाहिलं, सहीशिवाय सोडू का म्हणून. बाई म्हणाल्या, "सही नाही तर माणूस आला याला पुरावा काय?" त्यांचाही माणसांवर विश्वास नव्हताच.

शेवटी काकांनी घरी विषय काढला. "अगं, तू तरी ये आणि एक सही कर. सुरुवात होईल."

बायको भाजी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "लग्नाला छत्तीस वर्षं झाली. तुमच्यावर विश्वास आहे. तुमच्या वहीवर नाही."

"मग मी पुन्हा घरी बसेन, चालेल?"

सुरी थांबली. तीन वर्षं काका स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसत होते आणि 'मीठ आधी घाल', 'झाकण ठेव' असं सांगत होते. शेजारीण आली तर 'काय काम आहे?' म्हणून तिलाही दारातच अडवत होते.

"नको," बायको घाईने म्हणाली. "पण आधी हे सांगा, तुम्ही केलीत का सही?"

काकांनी खोकून घेतलं. एकतीस वर्षं लोकांना 'इथे सही करा' म्हणून बोट दाखवलं, पण स्वतः मात्र पगाराखेरीज कुठे सही केली नव्हती. त्यांनी फार बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मन घट्ट केलं. न्हावी, अर्जनवीस आणि आणखी पाचसहा जणांना दारात उभं करून त्यांनी सर्वांदेखत वहीत पहिली सही ठोकली. "बघा. झालं का काही?"

"आज कसं होईल?" अर्जनवीस म्हणाला. "उद्या बघू."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या घरात एक अनोळखी माणूस शिरला. गळ्यात टेप, हातात वही. खिडकीतून शेजाऱ्यांना तो आकडे टिपताना दिसला. काकांना गणवेश असला तर लोकांना भरवसा वाटेल म्हणून बाईंनी धाडलेला तो शिंपी होता. पण हे कोण विचारतो? काका कामावर पोचायच्या आत बातमी पोचली होती.

"घर मापून नेलं ना?" न्हाव्याने विचारलं.

"घर नाही रे, माझं माप घेतलं."

न्हावी पांढरा पडला. "माणसाचंही माप घेतात? म्हणजे प्रकरण फार पुढे गेलंय!"

अर्ध्या तासात दारात गर्दी. आता प्रत्येकाला एकच धास्ती होती: आपण सही केली नाही हे खरं, पण दुसऱ्याच कुणी आपलं नाव घातलं असेल तर?

"वही दाखवा!" न्हावी ओरडला. "आमची नावं आहेत का बघू द्या!"

काकांच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, "दप्तराची पाहणी करायची तर पाहणाऱ्याने सही करावी लागते."

मग अर्जनवीसाने मान हलवली. "बरोबर आहे. पाहणीला सही लागतेच. तो कायदा जुना आहे."

जुन्या कायद्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. रांग लागली. एकेकाने नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली, पानं चाळली आणि सुस्कारा सोडला. ज्यांचा नंबर मागे होता ते पंख्याखाली जाऊन बसले. बसल्या बसल्या कुणी वर्तमानपत्र उघडलं.

दुसऱ्या दिवशी न्हावी धावत आला. "काका, माझं नाव आहे म्हणे वहीत!"

"तूच लिहिलंस ना काल?"

"ते पाहणीचं. दुसरीकडे कुठे नाही ना?"

"बघून घे. इथे सही कर."

महिना संपला. बाई आल्या तेव्हा बसायला खुर्ची मिळेना. न्हावी दुकानाला कुलूप लावून अर्धं पुस्तक वाचून बसला होता. बाईंनी वही उघडली. चारशे अकरा सह्या! त्यांनी कारणाचा रकाना वाचायला घेतला. पहिली ओळ शिपाईकाकांची: 'नोकरी'. त्याखाली चारशे नऊ ओळी एकसारख्या: 'माझं नाव या वहीत नाही, याची खात्री करणे.'

"काका, हे काय आहे?"

"वाचक आहेत बाई. चौकस आहेत."

बाईंनी शेवटची ओळ बघितली आणि वही काकांपुढे सरकवली. तिथे, काका जेवायला उठले असतील तेव्हा, जपून काढलेल्या अक्षरांत त्यांच्या बायकोने नाव, पत्ता लिहून सही केली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं:

'नवरा संध्याकाळपर्यंत इथेच राहील, याची खात्री करणे.'