विचारपुशीचं कवठ

एका जंगलात खोकल्याची साथ आली, आणि पुढे जे काही झालं त्याला खंडू साळिंदर जबाबदार होता.

मुलांनो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे गोष्ट ऐकताना 'चूक कुणाची, चूक कुणाची' म्हणून मध्येच बोट वर करायला नको. चूक खंडूची. जंगलातल्या वडीलधाऱ्यांनी तसा ठराव केला आहे, आणि वडीलधारे कधी चुकत नाहीत. चुकलेच, तर ते अनुभव घेत असतात.

आता हा खंडू कोण? वयाने लहान, अंगाने बुटका, तोंडाने फटकळ. घुबडगुरुजींच्या शाळेत तीन पावसाळे होता. गुरुजी शाळा दिवसा भरवायचे. एकदा खंडूने विचारलं, "गुरुजी, तुम्हाला दिवसा दिसत नाही. मग आमच्या पाट्या कशा तपासता?"

"अनुभवाने," गुरुजी डोळे मिटून म्हणाले.

खंडूने पाटी तिथेच ठेवली आणि घरी आला. तेव्हापासून तो कंद उकरायचा आणि आईला सांभाळायचा. आईचं नाव भागाबाई. तिला दमा होता. बाप पूर्वीच गेलेला. बिळात दोघंच.

या जंगलात एक रीत होती. तिचं नाव विचारपूस. कुणी आजारी पडलं की सगळ्यांनी भेटायला जायचं. जायचं म्हणजे बिळात शिरायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचं, "अगं बाई, किती उतरलात हो!" मग याच आजाराने कोण कोण गेलं त्यांची नावं सांगायची. मग औषध सांगायचं, प्रत्येकाने वेगळं. मग घरच्यांनी केलेला गवती चहा प्यायचा, "बराय, निघतो आता," म्हणायचं आणि दारात अर्धा तास उभं राहायचं.

रिकाम्या हाताने कसं जायचं? म्हणून एक कवठ होतं. अख्ख्या जंगलात मिळून एकच. ते कुणी खात नसे. आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचं. तो बरा झाला की त्याने ते पुढच्या आजाऱ्याकडे न्यायचं. बरा नाही झाला तर घरच्यांनी न्यायचं. कवठाला एका अंगाला खोक पडली होती, त्यामुळे ते हसल्यासारखं दिसायचं. किती वर्षांचं होतं कुणालाच ठाऊक नव्हतं. रावजीकाका अस्वलाच्या आजोबांच्या उशाशीही तेच होतं. आजोबा गेले, पण त्यात कवठाचा काही दोष नव्हता.

हे रावजीकाका म्हणजे विचारपुशीचे प्रमुख. कुणाच्या घरी कोण आलं, कोण नाही आलं, कोण आलं पण लवकर उठलं, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ. स्वतःच्या मुलांची नावं मात्र ते चुकवायचे.

आणि संबंध जंगलात एकाच घरी ते कवठ कधी गेलं नव्हतं. खंडूच्या. काट्यांशेजारी कोण बसणार?

भागाबाईच्या मनाला ते फार लागायचं. तिने बिळाच्या तोंडाशी पाहुण्यांसाठी जागा करून ठेवली होती. रोज सारवायची. रोज ती जागा तशीच वाळायची.

"आपल्याकडे कसं रे कुणी येत नाही?"

"आई, आपल्याला काटे आहेत."

"मग काय झालं? मी लोकांकडे जाते तेव्हा खाली करते की. गेल्या थंडीत मी महिनाभर अंथरुणाला होते. निदान दारातून तरी कुणी..."

"बरं झालं नाही आले. त्यांना चहा कोण करून घालणार होतं?"

"तू ना, बापावर गेलास," भागाबाई म्हणायची, आणि पुन्हा सारवायला घ्यायची.

तर मुलांनो, खोकला आला. पलीकडच्या रानातून आला म्हणतात. कोल्ह्याने टेकडीवर चढून दवंडी पिटली, "वनराजांचा हुकूम! ज्याने त्याने आपापल्या बिळात, ढोलीत, घरट्यात बसावं! अगदी निकडीचं काम असेल तरच बाहेर पडावं!" वनराज स्वतः आदल्याच दिवशी डोंगरापलीकडच्या गुहेत हवापालटाला गेले होते.

मग जंगल सावध झालं. सशांनी गवत साठवलं. जंगलभर गवत होतं, तरी साठवलं. मग गवतावर झोपायला जागा उरली नाही म्हणून ते बाहेर झोपू लागले. माकडांच्या एका झाडावर चाळीस नातेवाईक अडकले, आणि तिसऱ्या दिवसापासून त्या झाडावरून खोकल्यापेक्षा भांडणाचा आवाज जास्त येऊ लागला. मगर म्हणाली, "पाण्यात हा रोग होत नाही, सगळे पोहायला या." कासव तेवढं खूश होतं. ते म्हणालं, "शंभर वर्षं मला आळशी म्हणत होतात ना?"

रावजीकाकांनी तोंडावर पळसाचं पान बांधण्याची पद्धत पाडली. बोलताना फक्त ते खाली करायचं, कारण पान लावून नीट बोलता येत नाही. खोकतानाही खाली करायचं, कारण पान खराब होतं.

"पण काका," खार म्हणाली, "विचारपुशीचं काय? हुकूम आहे ना, बाहेर पडू नका म्हणून."

"निकडीचं असेल तर पडा, असंही आहे ना?" रावजीकाका म्हणाले. "आजाऱ्याला भेटण्याइतकं निकडीचं काय असतं गं? माणुसकी का काय म्हणतात ती आपल्या जनावरांत अजून आहे."

झालं. विचारपूस चालू राहिली. उलट जोरात, कारण आजारी पुष्कळ.

खंडू कंद उकरता उकरता बघत होता. सोमवारी कवठ पाय मुरगळलेल्या रानडुकराकडे गेलं. गुरुवारी रानडुकराच्या घरचे सगळे खोकत होते. कवठ पोट बिघडलेल्या सांबराकडे गेलं. रविवारी सांबरं खोकली. जिथे अजून कवठ पोचलं नव्हतं, तिथे कुणी खोकत नव्हतं. यासाठी काही फार शिकावं लागत नाही. शाळा सोडलेल्यालाही कळतं.

तेवढ्यात रावजीकाकांनी सभा बोलावली. विषय: गर्दी टाळणे. सगळं जंगल आलं. मागच्यांना ऐकू येईना म्हणून रावजीकाका म्हणाले, "जवळ या, जवळ या, अगदी चिकटून बसा."

खंडू उभा राहिला. "मला एक बोलायचंय. खोकला कवठाबरोबर फिरतोय. सगळे त्याला हात लावतात, तेच हात तोंडाला लावतात. आठ दिवस विचारपूस बंद ठेवा आणि बघा."

मग सांबरीण, गोदामावशी, हुंदका देऊन म्हणाली, "म्हणजे आमच्या मायेत रोग आहे, असं म्हणायचंय का रे तुला?"

"मायेत नाही मावशी. कवठात."

"माझ्या आजोबांच्या उशाशी होतं ते कवठ!" रावजीकाका गरजले.

"मग? वाचले का?"

मुलांनो, असं मोठ्यांना बोलू नये. खरं असलं तर मुळीच बोलू नये.

"किती शिकलास रे तू?" रावजीकाकांनी विचारलं. "शाळा अर्धवट टाकलेल्या पोराने आम्हाला अक्कल शिकवायची? गुरुजी, काय म्हणता?"

घुबडगुरुजी झोपले होते. त्यांनी झोपेत मान हलवली. तो होकार धरण्यात आला, आणि सभेने ठरवलं की घरोघरी कडुलिंबाचा धूर करायचा. धुराने खोकला मरतो.

दुसऱ्या दिवशी जंगलभर धूर झाला. धुराने सगळे खोकू लागले. आणि खोकणाऱ्याला भेटायला जाणं आलंच. धडधाकट प्राण्यांच्याही उशाशी कवठ जाऊन आलं.

खंडूने आपल्या बिळात धूर केला नव्हता. शेजारच्या मुंगसाने केला. तो आत आला आणि भागाबाईला ठसका लागला. एकदाच. वरच्या फांदीवर चाळिसातलं एक माकड बसलं होतं. ते हातातलं फळ टाकून पळालं.

दुपारी अकरा प्राणी खंडूच्या दारात उभे राहिले. पुढे रावजीकाका. त्यांच्या हातात कवठ.

खंडू बिळाच्या तोंडाशी आला. त्याने पाहुण्यांकडे पाठ केली आणि सगळे काटे उभे केले. साळिंदर दार असंच लावतात.

"बघा, बघा!" गोदामावशी म्हणाली. "मोठ्यांकडे पाठ करून उभा राहिलाय."

"काका, आई आजारी नाही. धुराचा ठसका होता. तिला दमा आहे, हा खोकला तिला झेपणार नाही. परत जा. पाया पडतो."

"पाठ करून कसा पाया पडतोस?" रावजीकाका म्हणाले. "बाजूला हो. तुझा बाप असता तर चुलाण पेटवून चहा ठेवला असता त्याने."

"बाप गेला तेव्हा कुठे होतात?"

"ते मागचं झालं. आता आलोय ना?"

आतून भागाबाईचा आवाज आला. "कोण आहे रे? कुणी आलंय?"

"कुणी नाही आई."

"आम्ही आहोत भागावहिनी!" रावजीकाका पान खाली करून ओरडले. "तुमची चौकशी करायला आलो होतो! पण पोरगा आत घेईना!"

भागाबाई धडपडत दाराशी आली. तिने काट्यांच्या फटीतून बाहेर बघितलं. अकरा जण होते. तिने मोजले. मग तिला कवठ दिसलं, आणि त्याच्या अंगाची ती हसरी खोक.

"खंडू, काटे खाली कर."

"आई, नाही."

"इतकी वर्षं मी ती जागा कुणासाठी सारवत होते रे? पहिल्यांदा दारात कुणी आलं, आणि तू पाठ करतोस? मी मेल्यावर येऊ देणार आहेस का त्यांना?"

"आई, तू ऐक माझं. एक महिना. महिन्याने मी स्वतः सगळ्यांना बोलावून आणतो."

भागाबाई तिथेच खाली बसली आणि दोन्ही पंजे तोंडावर घेऊन रडू लागली. मोठ्याने नाही. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशी.

खंडूचे काटे एकेक करून खाली झाले. तो बाजूला सरकला.

आयुष्यात खंडूने वडीलधाऱ्यांचं एकदाच ऐकलं, ते हे.

पाहुणे सारवलेल्या जागेवर बसले. अकराही जणांनी कपाळाला हात लावून बघितला. "किती उतरलात हो वहिनी!" म्हणाले. भागाबाई त्या दिवशी गुटगुटीत होती, पण ती लाजून म्हणाली, "हो ना, जरा उतरलेच." रावजीकाकांनी दम्याने गेलेल्या सात जणांची नावं सांगितली. मुंगसाने मोराच्या पिसाची राख सांगितली. गोदामावशीने बिळभर नजर फिरवली आणि खंडूचं लग्न कुठे जमतंय का विचारलं. गवती चहा झाला. "अजून एक घोट घ्या ना," भागाबाई सगळ्यांना म्हणत होती. रावजीकाका चारदा खोकले. चारही वेळा त्यांनी पान आठवणीने खाली केलं.

"बराय, निघतो आता," म्हणून ते अर्धा तास दारात उभे राहिले.

सगळे गेल्यावर भागाबाईने कवठ कुशीत घेतलं. "बघितलंस? किती माया करतात. उगाच बोलत असतोस."

"हो आई."

"काटे कुणालाच लागले नाहीत. बघितलंस ना?"

"बघितलं."

चौथ्या दिवशी ती खोकायला लागली. अकराव्या दिवशी थांबली.

सांत्वनाला सगळं जंगल आलं. भागाबाईने सारवलेली जागा पुरली नाही. सशांना बाहेर उभं राहावं लागलं. इतकी गर्दी त्या दारात कधी झाली नव्हती, आणि ती बघायला जी हवी होती नेमकी तीच नव्हती.

रावजीकाकांनी दोन मिनिटं डोळे पुसले. मग खंडूच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाळ, कवठ कुठे ठेवलंय? ताडमांजराकडे न्यायचंय."

खंडूने कवठ उचललं. दारातल्या दगडावर आपटलं. ते एका फटक्यात फुटलं. आत गर नव्हता. बी नव्हती. चिमूटभर काळी भुकटी होती. ती वाऱ्याने उडाली.

"अरे, काय केलंस हे!" सगळं जंगल एका आवाजात ओरडलं. भागाबाई गेली तेव्हा इतकं कुणी ओरडलं नव्हतं.

त्यानंतर विचारपूस होईना, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं? पंधरा दिवसांत खोकला थांबला. रावजीकाकांनी सभा घेतली आणि कडुलिंबाच्या धुराचे आभार मानले. मग ठराव झाला. खंडू साळिंदराने वडीलधाऱ्यांकडे पाठ केली, त्याचा धसका घेऊन त्याची आई गेली, आणि त्याने पूर्वजांचं कवठ फोडलं. सबब सगळ्याला तोच जबाबदार. शिक्षा म्हणून यापुढे त्याच्या घरी कुणीही विचारपुशीला जाऊ नये.

ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. घुबडगुरुजींनी झोपेत मान हलवली. नवं कवठ शोधायला तीन जणांची समिती नेमली.

तात्पर्य: आजारी माणसाला भेटायला जरूर जावं. तो आजारी नसेल, तर होईपर्यंत जावं. आणि मुलांनो, वडीलधारे दारात आले तर त्यांना परत पाठवू नये. त्यांना वाईट वाटतं, आणि त्यांना वाईट वाटण्याहून मोठं संकट कुठल्याच जंगलात नसतं.

खंडूला ती भेट एका आईच्या किमतीला पडली. दुसरी आई नव्हती.