गयामावशींची उसनवारी

गयामावशींच्या घरात साखरेचा डबा काठोकाठ भरलेला असतो, तरी त्या रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात वाटी घेऊन उभ्या असतात. साखर नसेल तर सुई, सुई नसेल तर कढीपत्त्याच्या चार काड्या. एकदा त्यांनी शेजारच्या शबानाबाजींकडून चाळणी मागून आणली. त्यांच्या स्वतःच्या दोन चाळण्या भिंतीला टांगलेल्या मी या डोळ्यांनी बघितल्या होत्या.

"अहो मावशी, घरात असताना मागता कशाला?"

"असू द्या म्याडम. आपण मागून खाणारी मान्सं."

म्याडम म्हणजे मी. समाजकार्याची पदवी, गळ्यात फितीला लटकवलेलं ओळखपत्र आणि जालन्यात मस्तगडच्या एका गल्लीतल्या दोन खोल्यांच्या केंद्राची प्रमुख. केंद्राचा उद्देश सोपा होता. घरात लेकरांवर हात उठायच्या आधीच आईबापांच्या पाठीशी उभं राहायचं. दुपारी लेकरांना खेळायला जागा, आयांना टेकायला सतरंजी, आणि कुणाला मन मोकळं करायचं असेल तर ऐकायला मी. मावशींनी झाडलोट आणि चहा करायचा, असं त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद त्यांनी वाचला नसावा.

फलकावर मी हौसेनं 'कुटुंब आधार केंद्र' असं रंगवून घेतलं. पहिल्या महिन्यात आलेली बहुतेक माणसं आधार कार्डावरची जन्मतारीख दुरुस्त करायला आली. 'सुजाण पालकत्व' या विषयावर मी दीड तास बोलले, तेव्हा समोर सातजण होते. एक आजोबा शेवटपर्यंत एकटक ऐकत होते. मी भारावून जाऊन त्यांना म्हटलं, "बाबा, विचारा ना काही."

ते म्हणाले, "अंगठा कवा घेऊन राह्यले?"

इकडे मी अशी झळकत असताना मावशी मात्र कामाच्या वेळेत वाटी घेऊन गल्लीभर फिरायच्या. मी त्यांना लेखी समज द्यायचं ठरवलं. कागद टाइपही करून ठेवला. त्याच आठवड्यात ज्योतीचं घडलं.

ज्योती माहेरची टेंभुर्णीची. नवरा एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जायचा. पदरात चार महिन्यांची जुळी आणि चार वर्षांची परी. त्या घरातलं रडणं आमच्या केंद्रापर्यंत यायचं. म्हणून मी प्रश्नावली घेऊन गेले आणि उंबऱ्यात उभी राहून पहिला प्रश्न वाचला, "गेल्या आठवड्यात आपण पाल्यावर किती वेळा हात उगारला?"

दार धाडकन बंद झालं. ते माझ्या ओळखपत्रावर. फीत गळ्यात, ओळखपत्र दाराच्या फटीत, आणि मी दावणीला बांधल्यासारखी बाहेर. फीत डोक्यातून काढता आली असती, पण ते घाबरलेल्या माणसाला सुचत नाही, आणि दार वाजवायची हिंमत होईना.

तेवढ्यात वाटी घेतलेल्या मावशी आल्या. मला खालवर न्याहाळून त्यांनी कडी वाजवली. "ज्योती, उघड बाई. आमच्या म्याडम अडकल्यात."

दार उघडलं. ज्योतीच्या खांद्यावर एक बाळ, आत दुसरं किंचाळत होतं. परी भिंतीला चिकटून उभी होती. तिच्या दंडावर लाल वळ. मी तोंड उघडणार, तर मावशींनी माझं मनगट दाबलं.

"ज्योती, तुझी पोरगी दे ना घंटाभर उसनी. वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या पडल्यात, एकटीनं व्हत न्हाई. बराबर आणून देते."

ज्योती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग उंबऱ्यातच खाली बसली. "न्या मावशी. न्या तिला. काल लाटण्यानं मारलं मी. नुस्तं पानी मागून राह्यल्ती ती."

का मारलं, असं मावशींनी विचारलं नाही. खांद्यावरचं बाळ आपल्याकडे घेतलं आणि विचारलं, "झोपली कवा होतीस नीट?"

"आठवत न्हाई."

"म्याडम, च्या टाका."

परक्या घरात मी चहा टाकला. तो उतू गेला. तरीपण केंद्रात आल्यापासून माझ्या हातून झालेलं ते पहिलं उपयोगी काम.

परतताना परीचं बोट धरून चालत मावशी म्हणाल्या, "मदत घ्यायला मानूस लाजतो म्याडम. द्यायला कोन लाजतंय? मंग आपणच आधी मागायचं. दार उघडतं."

परीचा दंड आम्ही डॉक्टरांना दाखवला. नवऱ्याला सुट्टीच्या दिवशी गाठलं. तो आधी चिडला, मग गप्प झाला, मग जुळ्यांना आंघोळ घालायला शिकला. टेंभुर्णीहून ज्योतीची आई महिनाभर येऊन राहिली. दुपारी तिन्ही लेकरं केंद्रात येऊ लागली आणि ज्योती सतरंजीवर दोन तास मेल्यासारखी झोपू लागली.

पण सगळं लगेच सरळ झालं नाही. एकदा भर दुपारी ती अनवाणी पळत आली. परीला पुढे ढकलून म्हणाली, "मावशी, हिला धरा जल्दी. माझा हात उठून राह्यला." मावशींनी परीला उचललं. मी ज्योतीजवळ बसले आणि, मला स्वतःलाही खरं वाटलं नाही, तासभर एक शब्द न बोलता ऐकलं.

संध्याकाळी तो समजपत्राचा कागद मी फाडला आणि मावशींना विचारलं, "हे सगळं कुठं शिकलात तुम्ही?"

त्या पेले पुसता पुसता बोलल्या.

"माझी सुनीता तीन वर्साची व्हती. नवरा ड्रायव्हर, पंधरा पंधरा दिवस भाईर. एका खोलीत मी आन् ती. एकदा रडायची थांबंच ना. मी कानफटात मारली. पुन्हा मारली. डावा कान गेला तिचा, बिलकुल ऐकू येत न्हाई. समद्या गल्लीनं आयकलं म्याडम ते रडनं. कोनीच आलं न्हाई."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. नांदेडहून सुनीता. मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि स्पीकर लावला.

"बाई, आधी फोन उजव्या कानाला घे."

पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"तिथंच हाय गं, आई. बोल."