गुलवेन गावात पहिला शिरतो

"आज माझ्या गावात सगळ्यांच्या पुढे मीच शिरणार. मालकांनी नोकरीवरून काढलं तरी बेहत्तर," सायकल संघाचा व्यवस्थापक गुलवेन केरब्रानं संघाची गाडी चालू करताकरता जाहीर केलं.

मागे मांडीवर चाकं घेऊन बसलेला मेकॅनिक दोनासियाँ म्हणाला, "मालकांनी तर आज गुपचूप स्वारांच्या घोळक्यात राहायला सांगितलंय."

"मालक साबण विकतात. त्यांनी साबण विकावा."

त्याचं दुखणं जुनं होतं. सायकल शर्यतीची रीत अशी, की ती एखाद्याच्या गावातून गेली तर बाकीचे त्याला जरा पुढे सोडतात. त्यानं घरच्यांना भेटावं, आईच्या गालाला गाल लावावा, मग सगळे पुन्हा एकमेकांच्या जिवावर उठायला मोकळे. गुलवेन स्वार होता तेव्हा शर्यत त्याच्या गावातून एकदाच गेली, आणि नेमकं तेव्हाच त्याला मागे पाणी आणायला पिटाळलं. जर्सीत बाटल्या कोंबून, गाभण गायीसारखा डुलत तो आईसमोरून सगळ्यांच्या शेवटी गेला. पाठीशी दमलेल्यांना उचलणारी गाडी भोंगा वाजवत होती. आई त्यावर कधी अवाक्षर बोलली नाही, आणि तेच त्याला डाचत होतं. आता ती चौऱ्याऐंशीची झाली. शर्यत या वाटेनं पुन्हा कधी येणार, कोण जाणे.

गाव जवळ येताच त्यानं आपल्या लांबटांग्या स्वाराला, मायेलला, वायरलेसवर हुकूम सोडला, "पळ."

"आत्ता, साहेब? अजून निम्मी शर्यत बाकी आहे."

"पळ म्हणतो ना. पुढे स्वार सुटला की त्याच्या मागे संघाची गाडी. नियमच आहे."

मायेल सुटला. गाडी त्याच्या मागे. घोळका पार मागे पडला.

घात केला तो गावाच्या प्रेमानं. बेकरीपासून समोरच्या बारपर्यंत 'शाब्बास गुलवेन' असा फलक टांगला होता. उंची मोजली होती ती सायकलस्वाराची. गाडीच्या टपावर जादा सायकली असतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मायेल खालून सटकला. गाडी फलकात अडकली, आणि त्याच्या दोरीबरोबर बेकरीच्या खिडकीचं दारही खाली आलं. आवाजानं मायेलनं मागे पाहिलं, चाक फुटपाथच्या कडेवर आपटलं आणि फुस्स.

"साहेब, पंक्चर."

फलक कापायला दोनासियाँनं सुरी काढली तसा बेकरीवाला आडवा आला. "खबरदार कापलंस तर! अख्ख्या गावाची वर्गणी आहे."

गुलवेन बॉनेटवर चढला, मायेलची जादा सायकल टपावरून ओढली आणि ती त्याला पोचवायच्या निमित्तानं स्वतःच स्वार झाला. सीट छातीला लागेल एवढी उंच, पायात पॉलिशचे बूट, पोट हँडलवर.

शर्यतीचे पंच मोटरसायकलवरून शेजारी आले. "महाशय, उतरा. हे नियमात बसत नाही."

"माझं गाव आहे. नियम वेशीबाहेर ठेवा."

दुतर्फा गाव नुसतं नाचत होतं. गुलवेन मान ताठ ठेवून, थांबलेल्या मायेललाही मागे टाकून, सगळ्यांच्या पुढे गेला. फक्त स्वतःच्या घरासमोर त्याला आईची खुर्ची रिकामी दिसली.

सायकल शेवटी मायेलला मिळाली, पण घोळक्यानं त्याला लगेच गिळलं. पंचांनी गुलवेनला तिथल्या तिथे शर्यतीतून हाकललं. फलकातून सुटलेली गाडी दोनासियाँ घेऊन गेला, आणि गुलवेन चालत घरी आला. आई चुलीशी धिरडी उलटत होती.

"आई, पाहिलंस ना? सगळ्यांच्या पुढे होतो."

"कधी रे? मी आत होते. म्हटलं, तू काय, शेवटी येशील. तोवर दोन धिरडी होतील."

गुलवेननं दार सताड उघडलं. मग तो म्हणाला, "ऊठ. बाहेर खुर्चीत बस. पुन्हा येतो."

अंगणातली तिची टोपलीवाली सायकल घेऊन तो बेकरीपर्यंत गेला, वळला, आणि छाती काढून निघाला. आई उलथनं हातात धरून बसली होती. तेवढ्यात पाठीशी भोंगा वाजला. दमलेल्यांना उचलणारी गाडी. ड्रायव्हर बाहेर वाकून मायेनं म्हणाला, "काका, पाय भरले असतील तर चढा आत. लाजू नका."

"मी पहिला आलोय," गुलवेन मागे न बघता गरजला.

"हो रे बाळा, हो," आई म्हणाली. "धिरडी गार होतायत."