नेरूरकरांचा निकाल

शॉमबर्गमधल्या घराघरांत रविवारी दुपारी अमेरिकन फुटबॉलचा सामना लागतो आणि माणसे बॉलकडे पाहतात. दिगंबर नेरूरकर मात्र बॉल दिसू नये म्हणून टीव्हीसमोर पुठ्ठा धरतात. पुठ्ठा एका जुन्या खोक्याचा असून लाकडी फूटपट्टीला दोन खिळ्यांनी ठोकलेला आहे. सामना सुरू झाला की ते खुर्ची पडद्याला भिडवतात आणि हा पंखा मैदानाच्या मध्यावर धरून कडेच्या एकाच खेळाडूकडे पाहत राहतात. "बॉल दिसला की डोळे लाचार होतात," असे त्यांचे म्हणणे. मागे बसणाऱ्याला नेरूरकरांची पाठ आणि पुठ्ठा एवढेच दिसते. त्यामुळे मागे बसायला आता मी एकटाच जातो.

आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत यंदा पाटणकरांनी नेरूरकरांवर दोन पाने लिहिली आहेत. त्यांत पुठ्ठ्याचे कारण 'दृष्टिदोष' असे दिले असून, वयोमानाप्रमाणे नेरूरकरांची पारख गेली आणि एका नवख्या खेळाडूबाबत ते सपशेल चुकले, असा समारोप केला आहे. डॉक्टर पाटणकर नामांकित भूलतज्ज्ञ होते. त्यांचे लेखनही त्या लौकिकाला साजेसेच असते. परंतु त्यांची ही दोन्ही विधाने खोटी आहेत. ज्या रविवारची ही गोष्ट, त्या रविवारी पाटणकर त्या खोलीत नव्हते. मी होतो.

नेरूरकरांनी एकतीस वर्षे आगगाडीची चाके तपासली. ओतकामातून आलेल्या चाकावर छोटी हातोडी मारायची, कान लावायचा, मग यंत्रे लावायची आणि अखेर शिक्का उमटवायचा. शिक्के दोनच होते : पास आणि नापास. "चकाकीवर जाऊ नका," हे वाक्य ते हाताखालच्या पोरांना ऐकवीत, आणि निवृत्त झाल्यावर आम्हाला ऐकवू लागले. मंडळाच्या कुठल्याही जेवणात "कसं झालंय, भाऊ?" हा प्रश्न त्यांना कोणी विचारीत नाही. कुलकर्णींच्या मुलीच्या साखरपुड्यात एकाने विचारले, "जावई कसा वाटला?" नेरूरकर म्हणाले, "मुलगा चांगला आहे. टिकेल असं वाटत नाही." या वाक्याने लग्न मोडले असे पाटणकर लिहितात. ते असत्य आहे. लग्न यथासांग झाले. घटस्फोट सहा वर्षांनी झाला.

चाके सुटली तेव्हा नेरूरकरांनी रिसीव्हर धरले. ज्यांना या खेळाशी कर्तव्य नाही त्यांच्यासाठी सांगतो : मैदानाच्या कडेला उभा राहून, ठरलेल्या वाटेने पळत जाऊन, ठरलेल्या जागी गर्रकन वळून फेकलेला बॉल झेलतो, तो रिसीव्हर. लोक त्याची झेप पाहतात. नेरूरकर त्याचे पाय पाहतात. "झेलायला काय, सगळेच झेलतात. वळताना बघा. भेग असली तर तिथे दिसते." दर मोसमात ते पहिल्याच वर्षाच्या एखाद्या खेळाडूला निवडतात, चौकटीच्या वहीत त्याची प्रत्येक धाव उतरवतात आणि निकाल लावतात. मंडळाच्या तरुणांची एक कागदी लीग आहे. खऱ्या खेळाडूंची आपापली यादी करायची आणि ते मैदानात खेळतील तसे आपल्याला गुण. या लीगमध्ये नेरूरकरांच्या निकालाला मान आहे. तो मिळवण्यासाठी इंजिनीअर मंडळी चिवड्याचे पुडे घेऊन येतात.

त्यांचा मुलगा हेमंत या लीगमध्ये डेन्व्हरहून सामील झाला, ते मागच्या वर्षी. येथे थोडे मागे जावे लागेल. हेमंत कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंजिनीअरिंगला होता तेव्हा त्याचे पहिल्या सहामाहीचे गुण घरी आले. नेरूरकरांनी ते उभ्याउभ्या वाचले आणि म्हणाले, "नापास. हा माल इंजिनीअरिंगचा नाही." बापाने मुलाला मारले, असे पाटणकर आडवळणाने सुचवतात. बोटही लावले नाही. मी तिथे चहा पीत होतो. हेमंतने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि वसंत ऋतूत कॉलेज सोडले. तो आता शाळेत विज्ञान शिकवतो, आणि उत्तम शिकवतो असे ऐकतो. बापलेकांचे बोलणे पुढे दिवाळीला आणि वाढदिवसाला होई, तेही हवामानावर.

तर या हेमंतने आपल्या यादीत एक नवखा रिसीव्हर घेतला. मुलगा उंच, वाऱ्यासारखा पळणारा. वर्तमानपत्रे त्याच्यावर खूश होती. सप्टेंबरमधल्या एका रविवारी डेन्व्हरहून फोन आला. दिवाळी नव्हती, वाढदिवस नव्हता.

"बाबा, हा कसा वाटतो तुम्हाला?"

"चार मॅच बघतो. मग सांगतो."

"ओके. मग नेक्स्ट संडेला कॉल करू?"

"कर."

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा अकरा वाजता नेरूरकरांची दाढी झालेली होती. फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा केलेला होता. फोन आला, तीन मिनिटे त्या खेळाडूच्या डाव्या पायावर चर्चा झाली. त्याच्या पुढच्या रविवारी सात मिनिटे झाली, आणि त्यांतली दोन हेमंतच्या गुडघ्यावर होती.

मंगळवारी सबंध मैदानाचे उंचावरून घेतलेले चित्रण पाहता येते. नेरूरकर ते पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहतात. चौथ्या सामन्याच्या आधीच्या मंगळवारी त्यांनी मला बोलावून एकच धाव अकरा वेळा दाखवली.

"खांदा बघा. वळायच्या आधी खांदा वळतो. समोरच्याला आधी पत्र पाठवतो आणि मग निघतो."

"शिकेल की."

"हे शिकवून जात नाही. ओतताना राहिलेलं आहे."

त्यांनी माझ्यासमोर वहीत निळ्या शाईने 'नापास' लिहिले आणि खाली तारीख घातली. डिसेंबरात त्या मुलाला संघाने सोडून दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. नेरूरकरांनी ते सप्टेंबरात लिहिले होते, हे आजपर्यंत मला एकट्याला ठाऊक होते. पारख गेली म्हणणाऱ्यांनी ती वही येऊन पाहावी.

मी विचारले, "मग रविवारी हेमंतला हेच सांगणार?"

"विचारलंय त्याने," नेरूरकर म्हणाले, आणि बराच वेळ पेनाचे टोपण शोधत राहिले. ते पेनाच्या मागेच लावलेले होते.

रविवारी फोन चौथ्या सामन्याच्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये आला. नेरूरकरांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि खुर्ची टेबलाकडे वळवली.

"बाबा, ही चौथी मॅच. ऑनेस्टली सांगा. ड्रॉप करू त्याला?"

वही पुढ्यात उघडी होती. नेरूरकरांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहिले.

"इतक्यात नको," ते म्हणाले. "अजून बघू या. चार मॅचमध्ये माणूस कळत नाही."

डेन्व्हरच्या बाजूनेही टीव्हीचा आवाज बंद झाला.

"हे तुम्ही म्हणताय?" हेमंतने विचारले.

"मीच म्हणतोय."

"ओके," तो म्हणाला. "ओके, बाबा. बघू या." आणि मग, खेळाचा विषय संपला असतानाही, तो बोलत राहिला. शाळेतल्या एका मुलाने प्रयोग करताना टेबल जाळले ते, घराचे छप्पर बदलायचे आहे ते, मुलगी आता भात-वरणाशिवाय काही खात नाही ते. नेरूरकर मधूनमधून म्हणत होते, "मग?" चाळीस वर्षांच्या परिचयात मी त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. निकाल देणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.

टीव्हीवर त्याच वेळी तो मुलगा कडेने पळाला. या खेपेस खांदा हलला नाही. तो जागच्या जागी वळला, समोरचा गडी दोन पावले भलतीकडे गेला आणि बॉल अलगद हातात आला. मोसमातली त्याची ती एकच निर्दोष धाव असेल. नेरूरकरांची त्या वेळी टीव्हीकडे पाठ होती.

समोरच्याची चूक दिसली की ती बोलून दाखवल्याशिवाय मला राहवत नाही, असे पाटणकर माझ्याविषयीही लिहितात. त्या दिवशी मी गप्प बसलो, आणि नेरूरकरांचा फोन संपेपर्यंत सामना एकट्याने पाहिला.