पंधराव्या गड्याचा भाव

राखीव बाकावरच्या खेळाडूंचा बाजार माझ्याइतका अख्ख्या टोलेडोत कोणालाच कळत नाही! बास्केटबॉलमधल्या बड्या खेळाडूंचे सौदे काय, कोणीही करेल हो. पण पंधराव्या गड्याचं सोनं करावं ते या वॉल्टरनेच! निदान त्या गुरुवारी दुपारी दोनपर्यंत माझी तशी ठाम समजूत होती.

तीन वाजता अदलाबदलीची मुदत संपत होती. आमच्या ‘बगळे’ संघाचा पंधरावा, म्हणजे अगदी शेवटचा गडी थॅडी पिकेट. सामन्यात दोन मिनिटं खेळायचा, तीही आम्ही तीस गुणांनी हरत असलो तर! संघाचा व्यवस्थापक या नात्याने मी ओमाहा संघाच्या व्यवस्थापकाला, गसला फोन लावला आणि थॅडीच्या बदल्यात दुसऱ्या फेरीचा एक हक्क पटकावला. म्हणजे उन्हाळ्यात नवे खेळाडू निवडताना आम्हाला एक जादा नंबर. पंगत उठता उठता मिळालेली जिलबी म्हणा, पण जिलबीच ना!

“फुकटात हक्क मिळाला!” असं ओरडतच मी मालकीणबाईंच्या, म्हणजे लॉरेटाबाईंच्या केबिनमध्ये घुसलो. समोर आमचा हुकमी एक्का व्हिटलो पेन उघडून बसला होता. चार वर्षांचा नवा करार!

“कोणाला दिलंत?” व्हिटलोने विचारलं.

“थॅडीला.”

त्याने पेनाला टोपण लावलं.

“रोज सकाळी माझ्या तीनशे फेकी झेलून चेंडू परत कोण देतो? तुम्ही?”

“अरे, चेंडू काय, कोणीही...”

“आणि माझं मनगट वाकडं पडलं की तोंडावर कोण सांगतो? बाकी सगळे नुसते ‘वा वा’ करतात! थॅडी नाही, तर सही नाही.”

लॉरेटाबाई माझ्याकडे वळल्या.

“वॉल्टर, सौद्याचे कागद गेले?”

“नाही अजून. पण शब्द दिलाय.”

झालं! आमच्या धंद्यात फोनवरचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. एकदा मोडला की जन्मात कोणी फोन उचलत नाही. आता थॅडीला विकत घेऊनच परत आणायचं होतं. मी गसला फोन लावला.

“थॅडी? छे, आता तो आमचा लाडका!” गस म्हणाला. “दोन हक्क दे.”

मी घासाघीस केली. तीन झाले. आणखी जोर लावला, तर चार!

“तू तोंड बंद कर!” म्हणत बाईंनी फोन हिसकावून स्पीकरवर टाकला. तीनला चार मिनिटं होती. “गस, तीन हक्क देते. आणि चौथ्याऐवजी हा वॉल्टर घेऊन जा!”

मी फोनकडे झेपावलो; बाईंनी हात आडवा घातला.

“नको हो, बाई!” गस काकुळतीला आला. “दोनच द्या, थॅडीला ठेवा! पण वॉल्टरला त्या खुर्चीवरून हलवू नका. तो तिथे आहे म्हणून तर आमचं बरं चाललंय!”

व्हिटलोने पोट धरून हसत हसतच सही केली.

मी खाली सरावाच्या मैदानावर गेलो. थॅडी निवांत चेंडू गोळा करत होता. त्याला सांगायचं मी विसरलोच होतो! मग सगळं रामायण सांगितलं.

“म्हणजे वॉल्टरभाऊ, माझा भाव दोन हक्क?” तो खूश झाला. “आणि तुमचा?”

मी बोटांवर हिशेब केला. मला घ्यावं लागू नये म्हणून गसने चारातले दोन सोडले होते.

“माझाही दोनच रे,” मी म्हटलं. “फक्त उलट्या बाजूने!”